काना कोणत्या बोटाखाली

चैत्र सरत आला की आमच्या निवृत्त टंकलेखकांच्या ग्रुपवर भांडणं सुरू होतात. एरवी वर्षभर तिथे सुप्रभात, गुडघ्यांना चोळायची तेलं आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस एवढंच चालतं. पण परीक्षांचे दिवस आले, कुणाची नात टंकलेखनाला बसली, की कुणीतरी सहज विचारतं, मोबाइलवर मराठी लिहायला कोणता कळफलक बरा? झालं. एक म्हणतो, आपल्या मशीनसारखाच घ्या, बोटांना सवय आहे. दुसरा म्हणतो, इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची तर मराठी हवी कशाला? तिथून गाडी फॉन्टवर घसरते, फॉन्टवरून फोनवर, कुणाचा स्वस्त, कुणाचा महाग, कुणाची बॅटरी दोन दिवस टिकते. सत्तरी ओलांडलेली माणसं रुसून ग्रुप सोडून जातात आणि दोन दिवसांनी हळूच परत येतात.

मी सगळं वाचते. लिहीत काहीच नाही. सून म्हणते, "आई, घरात तुमी कोनाले बोलू देत नाही, अन् तिथं काहून मुक्या?" मी म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच असतो.

दुपारी फोन छातीवर ठेवून पडलं, वर पंखा फिरत असला, की त्याचा आवाज हळूहळू बदलत जातो. टक टक टक, मग घंटी, मग गाडा उजवीकडून डावीकडे ओढल्याची ती लांब कर्र. कितीदा डोळा लागता लागता माझी बोटं चादरीवर चालू लागतात. आणि कोणत्या कळफलकावर चालली आहेत हे मला झोपेतही कळतं. ती जुन्यावरच चालतात.

सालाचं मला नक्की सांगता येत नाही. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते एवढं खरं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता. तालुक्याचं गाव, एक कचेरी, एक कोर्ट, मंगळाचा नाही तर रविवारचा बाजार, आणि मीटरगेजची छोटी गाडी. मोठं काही असलं की अकोला. मी रोज अनसिंगहून सकाळच्या एसटीनं वाशीमला यायची. तहसील कचेरीत मला टंकलेखकाची तात्पुरती जागा मिळाली होती. तात्पुरती म्हणजे कुणी परीक्षा पास झालेला उमेदवार सापडेपर्यंत. पण माझ्या बाबांना 'तात्पुरती' हा शब्द ऐकूच येत नसे. संध्याकाळी विहारात बसलेल्या माणसांना ते सांगायचे, "माही सुलोचना खुर्चीवर बसते. पंख्याखाली." पंखा साहेबांच्या डोक्यावर होता, पण वारं कुणाच्या मालकीचं असतं?

कचेरी सुटली की मी धोटे मास्तरांच्या टायपिंगच्या वर्गात जायची. खाली सरकीच्या ढेपेचं गोदाम, वर आमचा वर्ग. लाकडी जिना चढताना ढेपेचा गोडसर, तेलकट वास यायचा आणि शेवटच्या पायरीवर त्यात मशीनच्या तेलाचा आणि रिबिनीच्या शाईचा वास मिसळायचा. आजही कुठे ढेप उतरवताना दिसली तर मी उभी राहते. लोकांना वाटतं म्हातारीला दम लागला.

मास्तर मशीनच्या कळांवर पुठ्ठ्याची टोपी बसवत, म्हणजे खाली बघता येऊ नये. "बोटायले डोये असतात, पोट्ट्यायहो," ते म्हणायचे, "त्यायले पाहू द्या, तुमी नका पाहू." मग आम्ही समोरच्या भिंतीकडे बघत टंकायचो. भिंतीला खिडकी होती, खिडकीत कडुनिंब, आणि त्या दिवसांत तो फुललेला. बारीक बारीक पांढरी फुलं गाळत राहायचा. बोटं एकदा शिकली की डोकं असं मोकळं सुटतं. मी 'प्रति, माननीय तहसीलदार साहेब' टंकत असायची आणि मनानं फुलांबरोबर खाली गोदामाच्या पत्र्यावर उतरलेली असायची. इतकं सुख मला पुढं कशानं झालं नाही.

आता कळफलकाचं सांगते. आमच्याकडे तेव्हा दोन प्रकारची मराठी मशीनं होती. जुन्या कळफलकात काना उजव्या करंगळीखाली, नव्यात मधल्या बोटाखाली. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? पण मराठी मशीनवर 'ग' सुद्धा पुरा नसतो. अर्धा ग दाबायचा आणि मग काना, तेव्हा तो उभा राहतो. ओळीत वीस-पंचवीस वेळा काना. ज्याच्या करंगळीखाली तो आहे त्याची करंगळी संध्याकाळी ठणकते, आणि ज्याची बोटं एकदा त्या करंगळीशी बांधली गेली त्याला नव्या मशीनवर बसवलं तर 'सविनय' असं काही उमटतं की लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. मास्तरांकडे आठ मशीनं. सहा जुनी, स्वतःची. दोन नवी, अकोल्याहून भाड्यानं आणलेली.

परीक्षेला ज्याचं मशीन त्यानं घेऊन जायचं, असा तेव्हा रिवाज होता. आणि परीक्षेत पुढं कोणता कळफलक चालेल याबद्दल नुसत्या वावड्या. म्हणून वाद. वाद तर आम्हा लोकांना चहासारखा लागतो. पण कारकून वाद घालणार म्हणजे तोंडी थोडाच घालणार? आमची फाइल होती.

कोणी सुरू केली माहीत नाही. जाड खाकी पुठ्ठा, लाल फीत, वर विषय टंकलेला, 'मराठी टंकलेखन यंत्राचा कळफलक जुना ठेवावा की नवा घ्यावा याबाबत'. ही फाइल टपालाच्या पिशवीतून फिरायची. तहसीलमधून कोर्टात, कोर्टातून पंचायत समितीत, तिथून एसटीच्या कंडक्टरच्या हाती शिरपूरला, अनसिंगला, आणि आठ-दहा दिवसांनी परत. ज्याच्याकडे मशीन आहे तो आपलं मत त्याच मशीनवर टंकून खाली जोडायचा. भाषा सगळी कचेरीची. 'उपरोक्त मताशी निम्नस्वाक्षरीकार सहमत नाही.' 'सदर विधान वस्तुस्थितीस धरून नसल्याने फेटाळण्यात यावे.' मनात शिव्या, कागदावर 'सविनय सादर'. एकदा सह्यांच्या गठ्ठ्यात चुकून ही फाइल साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी न वाचता 'चर्चा करावी' असा शेरा मारून सही ठोकली. मग काय, फाइलीला शिंगंच फुटली.

आमच्यातले निम्मे एकमेकांना ओळखत नव्हते. ओळखायचे ते मशीनवरून. एकाची रिबीन इतकी विटलेली की मत वाचायला कागद उजेडात धरावा लागे. एकाच्या मशीनचं 'म' पोटात शाईनं भरलेलं. आणि शिरपूरच्या कुणाचं एक मशीन होतं, त्याचा 'र' ओळीतून वर उडायचा. त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. मी त्याला मनात 'उडता र' म्हणायची. तो नव्या कळफलकाच्या बाजूचा. फार थोडं लिहायचा आणि गोडीनं लिहायचा. 'नवीन पद्धतीत श्रम कमी होतात. सर्वांचे हात सारखे नसतात. विचार व्हावा.'

मी जुन्याच्या बाजूची होते. खरं कारण विचाराल तर मला जुना येत होता आणि मी त्यावर तालुक्यात सगळ्यांत वेगवान होते. पण असं कोण लिहितं? मी लिहिलं की नव्या कळफलकात 'ळ' पार कोपऱ्यात टाकला आहे, तो मराठीचा अपमान आहे, आज 'ळ' कोपऱ्यात गेला, उद्या दाराबाहेर जाईल. कोर्टाच्या मशीननं उत्तर दिलं, 'वऱ्हाडात शाळेस शाया व डोळ्यास डोया म्हणतात. सबब ळ ची निकड कोणास?' त्यावर मी पान भरून टंकलं. मला शब्द सुचत गेले. बाईमाणूस, वीस-एकवीस वर्षांची, अनसिंगच्या चार एकरवाल्याची पोर, आणि माझं लिहिणं कोर्टातले बडे बाबू डबा खाताना मोठ्यानं वाचून दाखवतात हे मला शिपाई येऊन सांगायचा. नशाच ती. त्या नशेत मी 'उडत्या र'ला लिहिलं, 'ज्यांच्या करंगळीत काना दाबण्याइतका जोर नाही, त्यांनी यंत्राऐवजी बोरू धरावा, ही विनंती.'

सगळे हसले म्हणे. शिरपूरहून त्या खेपेला काहीच आलं नाही.

इंदू माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. वाशीमचीच, भावाकडे राहणारी. तिला सासरहून येऊन वर्ष झालं होतं. सासरचं ती काही सांगत नसे. एकदा शाई लागली म्हणून तिनं बाही वर सारली तेव्हा मला दंडावरचे जुने वण दिसले, आणि मी विचारलं नाही. भावानं तिला स्वच्छ सांगितलं होतं, यंदाच्या परीक्षेत पास झालीस आणि कुठं चिकटलीस तर राहा, नाही तर जावई न्यायला येतील तेव्हा मुकाट जायचं. म्हणजे आम्हा बाकीच्यांना ही परीक्षा होती, आणि तिला ती दार होती. एक उघडणार नाही तर दुसरं लागणार. ते तिनं मला एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, "रिबिन उलटी लावली का मी?"

इंदू नव्या मशीनवर शिकत होती. मास्तरांनी सहज बसवलं तिथं आणि ती बसली. पाच महिन्यांत तिचा हात चांगला बसला होता. हळू, पण एक चूक नाही. ती टंकायची तेव्हा ओठ किंचित हलायचे, जणू प्रत्येक अक्षराला 'ये' म्हणते आहे.

होळीच्या सुमाराला फाइल संपली. आमच्या कचेरीतल्या वरिष्ठ बाबूंनी शेवटची टिप्पणी टंकली, 'बहुतांश मते जुन्या कळफलकाकडे असल्याने तोच कायम. प्रकरण निकाली.' खाली सात सह्या. आणि सवयीनं तीही फाइल साहेबांकडे गेली, आणि सवयीनं साहेबांनी सही केली. गोल शिक्कासुद्धा बसला. आता जग काहीही म्हणो, ज्या कागदावर सात सह्या, साहेबांची आठवी आणि वर गोल शिक्का आहे तो कागद आम्हा लोकांना खोटा वाटतच नाही. आम्हीच लिहिलेला, आम्हीच फिरवलेला, सगळा पोरखेळ. पण निकाली म्हणजे निकाली. धोटे मास्तरांनी त्याची प्रत वर्गाच्या भिंतीला चिकटवली आणि भाड्याची दोन नवी मशीनं अकोल्याला परत पाठवून दिली.

इंदूनं मला जिन्यावर गाठलं. "सुलू, माहे पाच महिने झाले नव्यावर. मी काय करू?"

"जुना घे."

"दीड-दोन महिन्यात बसन हात?"

"अवं, तुले काना करंगळीखाली आनाचा हाये, डोंगर नाही उचलाचा. डोये झाकून घे."

मी आणखीही बोलले. छान बोलले असणार. कारण ती ऐकत गेली, तिचा चेहरा मोकळा होत गेला, आणि दुसऱ्या दिवशी ती जुन्या मशीनसमोर बसली.

त्या दिवसांचं मला दुःख आठवत नाही, हेच वाईट आहे. आठवतात ती खिडकीतली फुलं, मडक्यातल्या पाण्याला येणारा वाळ्याचा वास, आणि आम्हा दोघींची मशीनं एका तालात चालणं. ती माझ्या मागं मागं. तिची करंगळी सुजायची आणि ती पदराच्या टोकानं बांधून पुन्हा बसायची. मला वाटायचं, किती गोड दिवस. मी जिंकले होते ना.

परीक्षेला सतरा दिवस होते. सकाळचं टपाल फोडून बाबूंनी एक परिपत्रक माझ्यापुढं ठेवलं, चार प्रती काढायला. मी कार्बन लावले, कागद सरळ केले आणि नेहमीसारखी अक्षरांकडे न बघता टंकू लागले. दुसऱ्या परिच्छेदात माझे हात थांबले. मागं जाऊन वाचलं. यंदापासून परीक्षा फक्त नव्या कळफलकावर. हे वाक्य मला माझ्याच बोटांनी, जुन्या कळफलकावर, चार प्रतींत टंकून द्यायचं होतं. दिलं. चूक एक झाली नाही.

बाबू म्हणाले, "आपल्या फाइलीत त जुना कायम झाला होता." ते खरोखर चकित झाले होते. आपल्या निकालावर अकोल्यानं अपील केल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

संध्याकाळी मी वर्गात जाऊन सांगितलं. मास्तर मटकन बसले. दोन-चार पोरं म्हणाली, पुढच्या खेपेला बसू.  इंदूनं मशीनवर झाकण घातलं, कोपऱ्यांतून नीट खाली ओढलं, आणि जिना उतरून गेली. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. माझ्याजवळ उत्तर तयार असायचं नेहमी.

गावात नवं मशीन कुठं आहे याचा मी दोन दिवस तपास केला. एक कचेरीत बंद कपाटात, ते बाहेर निघणार नाही. अकोल्याची भाड्याची दुसऱ्यांनी उचललेली. मग मला तो वर उडणारा 'र' आठवला. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शिरपूरच्या एसटीत बसले.

उन्हाचा तो रस्ता अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्ही बाजूंना उलंगवाडी झालेली, कापूस वेचून रिकामी वावरं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, मधूनच पळसाची नवी पानं. गाडीत जैन यात्रेकरूंचं एक कुटुंब होतं, त्यांच्या म्हातारीनं मला शेव दिली. मी शेव खात होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. माफीचं एक, कारणाचं एक, विनंतीचं एक. चांगली वाक्यं होती.

स्टँडबाहेर लिंबाखाली अर्ज टंकून देणारा एक माणूस बसतो, असं कंडक्टरनं सांगितलं. वानखडे त्यांचं नाव. चाळिशीचे, पांढरा सदरा, समोर खोक्यावर मशीन. एका शेतकऱ्याचा विहिरीचा अर्ज चालला होता. मी बाजूला उभी राहिले. आवाजात काहीतरी वेगळं होतं, दर काही ठोक्यांनंतर एक रिकामी जागा. मग मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताला करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही अर्धंच.

माझी सगळी वाक्यं तिथंच गेली.

"काय लिवाचं हाय, बाई?" त्यांनी विचारलं.

"मी वाशीमची. तहसीलातली."

त्यांनी मान वर करून पाहिलं. "बोरूवाली?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते रागावले नाहीत. हसले, आणि हात मांडीवर उलटा ठेवला. "कडबा कापाच्या यंत्रात गेलं. तेरा-चौदा वर्साचा होतो. जुन्या मशीनवर मले काना देताच येत नाही, बाई. नवं आलं तवा वावराचा तुकडा इकून घेतलं."

"फाइलीत लिवलं काहून नाही तुमी?"

"फाइलीत कायले? तिथं मत मांगतलं होतं, हात नाही."

मला रडू आलं, आणि स्टँडवर मी रडले. शेव देणारी म्हातारी लांबून बघत होती. मग मी इंदूचं सांगितलं. जुळवलेलं काही नव्हतं, जसं आलं तसं सांगितलं, तिच्या बाहीचंसुद्धा. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी अर्जाची शेवटची ओळ पुरी केली, कागद काढून शेतकऱ्याच्या हाती दिला, आणि मशीनवर झाकण बसवलं.

"नेजो. पन मांडीवर घेऊन बसजो, खाली ठेवू नोको. गाडी लय आपटते."

"तुमचं काम?"

"हातानं लिवतो तवलोक. तुमीच त सांगतलं होतं." पुन्हा हसले. ते हसणं मला झोंबलं, झोंबायलाच हवं होतं. मशीन उचलून देताना म्हणाले, "दोघी असान, त एक ध्यानात ठेवजा. पंधरा दिवसात मशीन एकाच्याच हाताले ओळखते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मी आधी स्वतः बसले, हे लपवत नाही. मनात होतं, सकाळी मी, संध्याकाळी इंदू. अर्धा तास टंकलं. माझी करंगळी दर वेळी आपल्या जागी जाऊन पडायची. कागदावर जे उमटलं त्यात एक शब्द धड नव्हता. माझी बोटं इतकी वर्षं इतकी हुशार होती की आता त्यांना काही नवं सांगता येईना. इंदू दारात उभी होती. मी उठले आणि तिला बसवलं. लोक पुढं म्हणाले, सुलोचनानं मैत्रिणीसाठी परीक्षा सोडली. तसं काही नाही. मी हरले होते, आणि ती अजून हरली नव्हती.

इंदू पहिल्या दिवशी अडखळली. महिन्याभराची करंगळी मधे मधे येत होती. मग तिनं पदराच्या टोकानं करंगळी तळहाताशी बांधून टाकली आणि वानखड्यांसारखी चारच बोटांनी सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचे ओठ पुन्हा हलू लागले. मी शेजारी बसून उतारा वाचून दाखवायची. एवढंच काम. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून दुसऱ्याचेच शब्द निघत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. कडुनिंबाची फुलं संपून बारीक हिरव्या निंबोळ्या धरल्या होत्या. दिवसभर पत्रा तापून संध्याकाळी वर्गात वाफ यायची, आणि त्या वाफेत सगळं थोडं हलतं, थोडं पातळ दिसायचं. इंदूचे हात, मशीन, भिंतीवरची ती सात सह्यांची प्रत. मास्तरांनी ती अजून काढली नव्हती. शिक्का होता ना तिच्यावर.

अकोल्याला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. मशीन गोधडीत गुंडाळून आळीपाळीनं मांडीवर. डब्यात अशी सात-आठ गाठोडी होती, सगळे परीक्षेचे. एका बाईनं विचारलं, "लेकरू आजारी हाय का वं?" इंदू त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

शाळेच्या मोठ्या खोलीत मशीनं लागली आणि मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. घंटा झाली. पन्नास मशीनं एकदम सुरू झाली तेव्हा भिंतच थरथरू लागली, पाठीला कळत होतं. मी डोळे मिटले. त्या आवाजातून इंदूचं मशीन वेगळं काढायचा प्रयत्न केला आणि नाही काढता आलं. सगळं एक झालं होतं, पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखं. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मी काही मागितलं नाही, मला तशी सवय नाही. मी नुसती तिच्या भावाचं घर, तिची बाही, आणि शिरपूरच्या लिंबाखाली हातानं अर्ज लिहिणारा माणूस बघत राहिले. मग एकदम शांत झालं.

मशीन परत द्यायला मी एकटी गेले. वानखड्यांनी झाकण काढलं, कागद लावला, आणि एक ओळ टंकून पाहिली. मला म्हणाले, "बरं ठेवलं." मी माफीचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "बसा, चहा घ्या," आणि चहावाल्याला हाक मारली. आम्ही चहा प्यालो. कळफलकाबद्दल एक शब्द निघाला नाही.

माझी तात्पुरती जागा आखाडाच्या आधीच संपली. मी अनसिंगला घरी आले आणि आईबरोबर निंदायला जाऊ लागले. बाबा विहारात बसायचे, पण खुर्चीचं बोलायचे नाहीत. मला ते फार लागायचं. पऱ्हाटी वीतभर वर आली होती, ओल्या मातीत पाय रुतायचे, आणि विळा धरून माझ्या हातांना वेगळेच घट्टे पडत होते. मशीनची स्वप्नं पडायची. स्वप्नात नेहमी मी वेगानं टंकत असायची आणि कागद कोरा निघायचा.

अशाच एका दिवशी, जेवायच्या सुमाराला, एसटी स्टँडच्या बाजूनं धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, एक बाई येताना दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चपला हातात. इंदू. तिनं लांबूनच ओरडून सांगितलं नाही. जवळ आली, माझ्याजवळ मातीत बसली, आणि म्हणाली, "पास झाली. तुह्याच जागेवर घेतलं मले. सोमवारपासून."

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी काहीतरी म्हणाले, आनंदाचं. मला आनंद झाला होता आणि आपली जागा गेल्याचं लागलंही होतं, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही लपवले नाहीत. 

"भाऊ काय म्हनते?" मी विचारलं.

"काही नाही म्हनत. काल त्यानं जावयाले चिठ्ठी लिवली, न्याले येऊ नोका म्हनून. मी म्हनलं, दे, मी टंकून देतो. चांगली टंकून देली."

आम्ही भाकरी सोडली. खाता खाता मी सुरू झाले. कचेरीत कसं वागायचं, बाबूंना काय विचारायचं, कोणत्या खिडकीजवळ बसायचं, पुढच्या परीक्षेचं मी कसं करणार, नवा कळफलक मुळात चांगलाच, मला आधीपासून वाटत होतंच, असं काय काय. सुचत गेलं तसं बोलत गेले. इंदू भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती, पण जिन्यावर झाला होता तसा तिचा चेहरा मोकळा होत गेला नाही. तेव्हा मी थांबले.

"काहून थांबली?" ती म्हणाली. "बोल ना. आता मी तुह्यं काही करनार नाही, सुलू. माह्या बोटायचंच ऐकीन. पन तू बोलत राह्य. ऐकाले लय गोड वाटते."

ती हे रागानं म्हणाली नव्हती.  मग तिनं आपल्या फडक्यातली मिरचीची चटणी माझ्या भाकरीवर वाढली, आणि मी मोठा घास करून तोंडात घातला.